पटावर नाव धर्माचं

माझी सही चांगली आहे. हे आधीच सांगून ठेवतो. जोडाक्षर मोडत नाही, वरची रेघ सरळ जाते. बँकेतली पोरगी एकदा म्हणालेली, आजोबा, तुमची सही दर वेळी तीच येते, छापल्यासारखी. आमच्या गावात माझ्या वयाचे चार-पाच जण उरलेत, त्यांच्यात शाळेत चौथीपर्यंत गेलेला मी एकटा. चौथीत पहिला नंबर. ही गोष्ट मी लग्नात सांगितली, बारशात सांगितली, मयताला जमलेल्या माणसांतही सांगितली असेल. ज्याला ऐकायची नव्हती त्यालाही सांगितली.

म्हणून माझ्या नातीला, श्रुतीला, बारावीनंतर जातपडताळणीचे कागद लागले तेव्हा सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं. सदुसष्ट सालाच्या आधीचा पुरावा पाहिजे होता. तिच्या बापाचा शाळेचा दाखला आहे, पण तो नंतरचा.

"आबा आहेत ना," माझा मुलगा म्हणाला. "आबा चौथी पास. त्यांचा शाळेतला उतारा काढला की काम झालं."

मी म्हटलं, बघू. दोन महिने बघू-बघू केलं. एकदा म्हटलं, त्या कागदांना वाळवी लागली असेल. एकदा म्हटलं, शाळेत खाडीचं पाणी शिरलेलं, त्यात गेले असतील. शेवटी पोरगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आबा, मी पुढे शिकायला नको आहे का तुम्हाला?"

मी उठलो, चप्पल घातली.

खरी गोष्ट अशी की त्या शाळेच्या रजिस्टरात माझं नाव नाही. कधीच नव्हतं. आणि घरात हे माहीत असलेला जिवंत माणूस मी एकटा.

शाळा माझ्या दारापासून सात मिनिटांवर. तरी गेली पंचवीस वर्षं मी तिच्या फाटकाच्या आत गेलेलो नाही. घरातली पोरं घोडबंदर रोडच्या इंग्रजी शाळेत जातात, पिवळी बस न्यायला येते, मग आत जायचं कारणच पडलं नाही. आता तिथे पालिकेची दुमजली इमारत आहे, पहिली ते दहावी. मागे मिठागरं होती तिथे भिंत, भिंतीपलीकडे चाळीस मजल्यांचा टॉवर. दुपारी तीननंतर त्या टॉवरची सावली शाळेच्या अंगणावर येऊन पडते. मी मनात म्हटलं, बरं आहे, पोरांना तेवढंच ऊन कमी.

मुख्याध्यापिका जाधव बाई, पन्नाशीच्या. आम्ही गेलो तेव्हा फोनवर होत्या. "अहो भाऊ, आठवीत घेते मी त्याला. दाखला गावाहून मागवू, तुम्ही नाव तरी लिहून जा. हो, हो, पुस्तकं फुकट. बूट पण फुकट." फोन ठेवून म्हणाल्या, "बसा आजोबा. मे महिना आमचा असाच जातो. पोरं गोळा करायची."

त्यांच्या मागे एक काळा फळा होता. त्यावर खडूने पट लिहिलेला, मुलगे, मुली, एकूण. आठवी सव्वीस. नववी बावीस. दहावी एकोणीस. वरून खाली आकडा बारीक होत गेलेला.

"नववी वीसच्या खाली गेली तर आम्हाला दुसऱ्या शाळेला जोडून टाकतील," बाई म्हणाल्या. मी फळा वाचतोय हे त्यांनी पाहिलेलं. "बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्यांमधून फिरते मी. खोपटच्या डेपोमागच्या चाळीत जाऊन आले, मी तिथलीच. दोन मिळाली."

"आणि निकाल?" मी विचारलं. पहिला नंबर आलेला माणूस निकालच विचारणार.

"एकोणीसपैकी सतरा पास. एक मुलगी अठ्ठ्याऐंशी टक्के. तिचा बाप ह्याच टॉवरमध्ये फरशी बसवतो." मग सहज विचारावं तसं विचारलं, "तुमच्या घरातलं कोण आहे आमच्याकडे?"

श्रुतीने मोबाईलमध्ये डोकं घातलं. मी म्हटलं, "माझा मुलगा होता."

"होता," बाई म्हणाल्या. "इथे सगळ्यांचं कोणी ना कोणी होतं."

मला राग आला. त्या पुढे सांगत राहिल्या. आता प्रत्येक पोराचं आधार जोडावं लागतं म्हणे. ते नसलं तर पोर समोर बाकावर बसलेलं असतं, पाढे म्हणत असतं, पण पटावर धरत नाहीत.

"पूर्वीही असायची अशी पोरं," मी म्हटलं.

बाईंना ते कळलं नाही. त्यांनी शिपायाला कपाट उघडायला सांगितलं. लोखंडी कपाट, खालचा कप्पा, त्यात लाल फडक्यात बांधलेली जुनी रजिस्टरं. त्याने गाठ सोडली आणि मला वास आला.

मिठाला वास नसतो असं लोक म्हणतात. असतो. ओल्या गोणपाटाला असतो तसा, त्यात थोडा गंजलेल्या खिळ्याचा. आमची शाळा मिठाच्या कोठारात भरायची. अर्धं कोठार मिठाचं, अर्धं गुरुजींचं, मध्ये तट्टा. भिंतींना हात लावला की हात खारट. पाटी पुसायला पाणी लागत नसे, ती आपोआप दमट व्हायची, लिहिलेलं घरी जाईपर्यंत निम्मं जायचं. पोरं तट्ट्यातून बोट घालून मीठ काढायची आणि कैरीला लावायची. खाडीवरून वारा आला की सुकत घातलेल्या कोळंबीच्या सोड्यांचा वास वर्गभर. गुरुजी कल्याणकडचे, त्यांना तो सोसत नसे. धोतराचा सोगा नाकाला लावून भागाकार शिकवायचे.

गुरुजी जूनच्या आधी पट घेऊन दारोदार फिरायचे. जाधव बाई फिरतात तसेच, फक्त पायात वहाणा. आमच्या ओटीवर बसून बापाला म्हणाले, "पोरं दे. पंचवीस नावं झाली नाहीत तर शाळा उठेल."

बाप म्हणाला, "पोरं दिली तर मिठागर उठंल."

मग ठरलं ते गावात सगळ्यांचंच ठरलं. एका घराने एक नाव द्यायचं. आमच्या घरातून दिलं ते माझ्या मोठ्या भावाचं. धर्मा. माझ्याहून दोन-अडीच वर्षांनी मोठा.

दादा जूनपासून दिवाळीपर्यंत गेला. दिवाळीनंतर मिठागराची कामं निघाली. वाफ्याचा तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा असतो, सिमिटासारखा, नाहीतर मिठात चिखल येतो. दादाच्या अंगात वजन होतं, पाय रुंद होते. मी सात वर्षांचा, काडीसारखा, माझ्या पायाखाली चिखल दबत नव्हता. बापाने दादाला वाफ्यात उतरवलं आणि मला कोठाराकडे ढकललं. "जा. धर्मा म्हनून बस."

पहिल्या दिवशी गुरुजींनी हाक मारली, "धर्मा." मी गप्प. चष्म्यावरून बघितलं आणि पुन्हा म्हणाले, "धर्मा." शेजारच्याने कोपर मारलं.

"हजर," मी म्हटलं.

गुरुजींनी खूण केली. झालं. तेव्हापासून चौथी होईपर्यंत मी धर्मा.

मी काही एकटा नव्हतो. हंगामात अर्धा वर्ग असाच, घरात जे पोर रिकामं ते नावावर येऊन बसणार. एका घराने काशी हे मुलीचं नाव दिलेलं, तिच्यावर वर्षभर तिचा भाऊ बसला. गुरुजी त्याला काशीच म्हणायचे. तो आता पणजोबा आहे, मिशा आहेत, पण गावात अजून काशीच म्हणतात.

तपासणीला साहेब यायचे. दिपोटी म्हणायचे त्यांना. डोकी मोजायची आणि पटाशी ताडायची. त्या दिवशी मिठागर बंद, सगळी नावं बाकावर. साहेबांनी मला उभं केलं. "नाव?"

"धर्मा."

"वय?"

"दहा."

साहेब मला वरपासून खालपर्यंत बघत राहिले. "दहाचा वाटत नाही हा."

"मिठागरावरची पोरं, साहेब," गुरुजी म्हणाले. "खाऱ्या वाऱ्याने वाढ खुंटते."

साहेबांनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. काशीला हसू दाबता आलं नाही, त्याला खोकल्याचं सोंग करावं लागलं.

दुपारी मी भाकरी घेऊन मिठागरावर जायचो. लांबूनच आवाज यायचा, लांब बांबूच्या टोकाला फळी, ती मिठावरून ओढली की खर्र, खर्र. उन्हात डोळे उघडत नसत, सगळं पांढरं. दादा वाफ्यात असायचा, पोटऱ्यांपर्यंत पांढरा, टाचांना भेगा. मी बांधावर बसून सकाळचं शिकलेलं म्हणायचो आणि तो पाय तुडवत माझ्यामागे म्हणायचा. बे एके बे, डावा पाय. बे दुणे चार, उजवा पाय. त्याचे तीसपर्यंत पाढे असे झाले, पायांनी. अडखळला की पाय थांबायचा आणि बाप ओरडायचा. लिहायला मात्र त्याला आलं नाही. वाफ्यात पाटी कुठून आणणार? त्याच्या पुढच्या जूनमध्ये तो परत शाळेत का आला नाही, हे घरात कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

चौथीचा निकाल लागला त्या दिवशी गुरुजींनी सगळ्या गावाला कोठारासमोर बसवलं. "पहिला क्रमांक, धर्मा!" टाळ्या झाल्या. मी उठून गेलो. बक्षीस म्हणून लाकडाची फूटपट्टी मिळाली, एका कडेला पितळेची पट्टी असलेली. टाळ्या वाजतच होत्या आणि मला आठवतं, मी गर्दीत दादाला शोधत होतो. तो मागे उभा राहून सगळ्यांपेक्षा जोरात वाजवत होता. स्वतःच्या नावाला वाजवतोय की मला, ते मला कळेना. अजूनही सांगता येत नाही.

फूटपट्टी मी त्याला दिली. द्यावी लागली, नाव त्याचं होतं. तो ती वाफ्यात उभी करून पाणी किती बोटं आहे ते बघायचा. दोन हंगामांत खारानं आकडे खाऊन टाकले.

पुढे मिठागरं गेली. जमिनीचे कागद झाले तेव्हा कचेरीत आम्ही दोघे शेजारी उभे होतो. मी सही केली, वरची रेघ सरळ. दादाचा अंगठा धरून कारकुनाने निळ्या पॅडवर दाबला. बाहेर गावातले दहा-पंधरा जण चहा पीत होते. मी त्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आमचा दादा, अंगठेबहाद्दर!" लोक हसले. दादाने अंगठा डोक्याच्या केसांना पुसला आणि तोही हसला. ते मी एकदाच म्हटलं असतं तर लिहिलं नसतं. तो मरेपर्यंत म्हटलं. त्याच्या पोरांसमोर म्हटलं, त्याच्या बायकोसमोर म्हटलं. तो कधी म्हणाला नाही की बाबा रे, तू बसलास ती जागा कोणाची होती.

"आबा." श्रुतीचं बोट रजिस्टरावर सरकत होतं. शाई तपकिरी झालेली, पण गुरुजींचं अक्षर स्वच्छ. "हे बघा, धर्मा. हे मोठे आजोबा ना? पणजोबांचं नाव बरोबर आहे, गाव बरोबर आहे, जात लिहिलीय. पण तुमचं नाव नाहीये."

"धर्मा म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"माझा मोठा भाऊ. वारला."

"मग झालं की! चुलत आजोबांचा पुरावा चालतो. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडा, मी उतारा देते." त्यांनी चष्मा लावला. "आणि हा बघा शेरा. चौथी उत्तीर्ण, प्रथम क्रमांक. प्रगती चांगली, वर्तणूक चांगली."

"चांगली सगळ्यांनाच लिहितात," शिपाई म्हणाला.

"प्रथम क्रमांक सगळ्यांना लिहितात काय रे?" मी म्हटलं.

काम तिथेच झालेलं. पोरीचा कागद मिळत होता. मी उठू शकलो असतो. बाईच म्हणाल्या, "आजोबांचं नाव दुसऱ्या पुस्तकात असेल. ते पुस्तक सापडत नाही आम्हाला." म्हणजे वाळवीसुद्धा त्यांनीच पुरवली.

पण श्रुती माझ्याकडे बघत होती. हिच्या पहिल्या वाढदिवसालाही मी चौथीची गोष्ट सांगितलेली आहे.

"दुसऱ्या पुस्तकात नाही," मी म्हटलं. "माझं हेच. नाव त्याचं, बसलो मी. माझं नाव घातलंच नव्हतं."

बाईंनी फळ्याकडे बघितलं, मग रजिस्टराकडे.

"गुरुजींना माहीत होतं?"

"त्यांना पट टिकवायचा होता."

"मी असते तर मीही टिकवला असता," बाई हळू म्हणाल्या. मग आवाज मोठा करून, "हे मी काही ऐकलेलं नाही, बरं का आजोबा. उतारा उद्या न्या. तोवर या पानाची झेरॉक्स घेऊन जा."

परत येताना श्रुती टॉवरच्या फाटकापाशी थांबली. मग म्हणाली, "म्हणजे मोठे आजोबा अंगठेबहाद्दर कारण तुम्ही त्यांच्या जागेवर."

"हो."

"मोठ्या आजीला माहितीये?"

"नाही."

"मग सांगा."

माझ्यावर कोणी हुकूम चालवलेला मला चालत नाही. पण पाय दादाच्या दाराकडेच वळले. आमच्या दोन घरांत भिंत एकच आहे. वहिनी दारात लसूण सोलत बसलेली. ऐंशीला टेकली तरी पाठीत बाक नाही. वाटेत मी तीन वाक्यं जुळवलेली. पहिलं, शाळेत मी बसायचो. दुसरं, जागा दादाची होती. तिसरं, चुकलो. तिसरं वाक्य मी अठ्ठ्याहत्तर वर्षांत कोणाला म्हटलेलं नाही, म्हणून ते शेवटी ठेवलं.

"हे काय हाय, भावजी?" तिने झेरॉक्स हातात घेतली. उलटी धरली. श्रुतीने सरळ करून दिली.

"शाळेतलं पान आहे. दादाचं."

"त्यांचा नाव कुठं हाय?"

मी तिचं बोट धरून नावावर ठेवलं. ती ते बोट तिथून उचलेना. "वाचा की."

मी वाचलं. गाव, बापाचं नाव, जात. चौथी उत्तीर्ण. प्रथम क्रमांक.

"म्हंजे पयला?"

"पहिला. पण वहिनी, त्या शाळेत…"

"शालेत पयले आले," ती म्हणाली. मला पुढे बोलूच दिलं नाही. "मना लगीन झाल्यावर पयल्याच हप्त्यात बोललेले. मी चौथीत पयला हाय, माजी पट्टी हाय बक्षिसाची. ती बघा." स्वयंपाकघराच्या खिडकीला अडसर म्हणून ती लावलेली होती. पितळ काळं पडलेलं, आकडा एकही नाही. "तुमी बी बोलत, मी पयला. मी इचारलं यांना, एका शालेत दोन पयले कसं? तर हसत. बोलत, बोलू दे गो त्याला, त्याचा मान राहतो, आपला काय जातं?"

लसणाची सालं वाऱ्याने अंगणात गेली. वहिनी माझ्याकडे बघून सरळ म्हणाली, "मना कायम वाटं, तुमी जलता त्यांच्यावर. म्हनून चारचौघांत अंगठेबहाद्दर बोलता."

श्रुती माझ्याकडे बघत होती. तीन वाक्यं जिभेवर तयार होती, क्रमाने. वहिनीचं बोट अजून त्या नावावर होतं.

"हो वहिनी," मी म्हटलं. "जळत होतो."

"मंग!" ती श्रुतीला म्हणाली. "मी काय बोलत होते?" आणि कागद पदराने पुसला, त्याच्यावर काही नव्हतं तरी. "अजून एक काढून आन गो पोरी. येक माज्या देवाजवल ठेवीन. येक तुमचे घरात लावा, भावजी. येनारे-जानारे वाचतील."

श्रुतीचे कागद आठवड्यात गेले. प्रतिज्ञापत्रावर मी सही केली, नेहमीसारखी आली. उतारा आणायला पुन्हा शाळेत गेलो तेव्हा फळ्यावर नववीचा आकडा पुसून तेवीस केलेला होता.

दुसरी झेरॉक्स चौकटीत घालून मी ओटीवर लावली आहे, दाराच्या उजव्या हाताला, येणाऱ्याची नजर पडेल अशी. लोक चपला काढता काढता विचारतात, हे कोणाचं?

"माझ्या मोठ्या भावाचं," मी सांगतो. "धर्मा. चौथीत पहिला." लग्नात सांगतो, बारशात सांगतो. ज्याला ऐकायचं नाही त्यालाही सांगतो.